निष्प्रतीकार कोणी ठरवायचं?

आमच्याकडे माणूस गेलं की बायका सोप्यात बसतात आणि एक वाक्य सगळ्यांच्या तोंडून फिरतं : "काय करणार, कर्माचा उदय! आयुष्यच तेवढं होतं." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या चौघींच्या घरी ऐकलं. तीन घरी मी मान हलवली. चौथ्या घरी मला ते सोसलं नाही. ते घर माझ्या आत्तीचं होतं, आणि तिचं काय झालं, कोणत्या महिन्यात झालं, त्या महिन्यात घरात कोण काय म्हणालं, हे सगळं मला पाठ होतं.

भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या तोंडावर, आत्तीच्या खालच्या हिरडीजवळ गालाच्या आतल्या बाजूला एक जखम झाली. "तोंड आलंय गं नुसतं, उष्णता झालीया," ती म्हणाली. ती तीस-पस्तीस वर्षं मिसरी लावायची. जखम ठणकली की त्यावर आणखी मिसरी, कारण त्याने तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं. मग उपवास आले. उपवासानंतर तंबाखूची लावण. मग दिवाळी. मग नातीचं लग्न ठरलं, आणि लग्नघरात दवाखान्याचं नाव कसं काढायचं? माघात लग्न झालं. चैत्रात तिला तोंड नीट उघडेना आणि मानेत सुपारीएवढी गाठ लागली, तेव्हा कुठे तिला डॉक्टरकडे नेलं. भाद्रपद ते चैत्र, सात महिने. हे सात महिने कोणत्या कर्माच्या उदयात मोडतात, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

कोण वाचतं आणि कोण जातं, हे या आजारात बऱ्याच अंशी आधी सांगता येतं. डॉक्टर काही ज्योतिषी नव्हेत. हजारो रोग्यांच्या नोंदींवरून त्यांना काही गोष्टी पक्क्या कळल्या आहेत. त्या गोष्टी आपल्या घरातल्या बायकांना माहीत नसतात. म्हणून आधी त्याच सांगते.

पहिली गोष्ट, रोग कोणत्या पायरीवर सापडला. जखम लहान असताना, मानेत गाठ नसताना सापडलेला तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा ऑपरेशनने बरा होतो. दुसरी गोष्ट, मानेतली गाठ. रोग मानेतल्या गाठींत उतरला की वाचण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. गाठीचं कवच फोडून रोग बाहेर पसरला असेल तर आणखी खाली. तिसरी गोष्ट, जखमेची खोली. वरून दिसणारा आकार फसवा असतो. २०१८ पासून जगभर जी नवी वर्गवारी लागू आहे, तीत रोग किती मिलिमीटर आत रुतला आहे हे मोजतात. पाच मिलिमीटरच्या पलीकडे गेला की पायरी बदलते, दहाच्या पलीकडे गेला की पुन्हा बदलते. पाच मिलिमीटर म्हणजे तुरीचा एक दाणा. सात महिन्यांत तो दाणा कुठवर गेला असेल, याचा विचार लग्नाच्या याद्या करताना आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही.

पुढच्या गोष्टी उपचारातल्या. गाठ काढताना भोवतीचा निरोगी भाग पुरेसा घेतला गेला का. ऑपरेशननंतर किरणोपचार वेळेवर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांच्या आत, सुरू झाले का. सुरू झालेले किरणोपचार मधे न थांबता पुरे झाले का. रोग्याचं वजन टिकलं का, अंगात रक्त आहे का. आणि तंबाखू सुटली का. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किरणोपचार चालू असतानाही धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात ३९ जण जिवंत होते. ज्यांनी सोडलं किंवा ज्यांना ते व्यसन नव्हतं, त्यांच्यात ६६. औषध तेच, यंत्र तेच.

घशाच्या मागच्या भागाच्या कॅन्सरमध्ये एका विषाणूचाही संबंध असतो आणि अशा रोग्यांचं भवितव्य पुष्कळदा बरं असतं, असं परदेशातले अभ्यास सांगतात. पण आपल्याकडे गाल, हिरडी आणि जीभ यांचा जो कॅन्सर आहे, तो मुख्यतः तंबाखूचा आणि सुपारीचा आहे. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रोगी आणि सुमारे ८० हजार मृत्यू. यातले बहुसंख्य रोगी दवाखान्याची पायरी चढतात तेव्हा रोग पुढे गेलेला असतो. एवढ्या सगळ्यांचं आयुष्य एकाच वेळी "तेवढंच" असतं काय?

आता धर्माचं बोलू, कारण वाक्य धर्माच्या नावाने म्हटलं जातं. "आयुष्यच तेवढं होतं" हे आपल्या शास्त्रात कुठे लिहिलंय? तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी उमास्वामींनी ज्यांचं आयुष्य मधे तुटत नाही अशा जीवांची यादी दिली आहे. देव, नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे उत्तम देहधारी आणि असंख्यात वर्षांचं आयुष्य असलेले भोगभूमीचे जीव. निपाणीच्या बाजूची, मिसरी लावणारी, साठीतली बाई त्या यादीत नाही. म्हणजे तिचं आयुष्य बाहेरच्या निमित्ताने अकाली तुटू शकतं. गोम्मटसारात तर ही निमित्तं मोजून दिली आहेत : विष, वेदना, रक्तक्षय, भय, शस्त्राघात, संक्लेश, श्वासाचा आणि आहाराचा निरोध. पुन्हा वाचा. विष, वेदना, रक्त कमी होणं, आहार तुटणं. डॉक्टरांच्या यादीत आणि आचार्य नेमिचंद्रांच्या यादीत मला तरी फार अंतर दिसत नाही. त्याच ग्रंथात कर्माची स्थिती आणि तीव्रता कमी होण्याला अपकर्षण असं नाव आहे. कर्म म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे आपल्या लहान मुलांना पाठशाळेत शिकवतात. मग मोठी माणसं मढ्यासमोर बसून ते का विसरतात? मला वाटतं, विसरणं सोयीचं असतं म्हणून. कर्माच्या माथी मारलं की सात महिन्यांचा हिशेब कुणी मागत नाही.

दुसरं एक वाक्य मी पुरुषांकडून ऐकते : "आम्ही सप्तव्यसनांचे त्यागी." खरं आहे. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री, या सातांत तंबाखू नाही. असणार कशी? हे पीक पोर्तुगिजांच्या जहाजातून या देशात आलं, तेव्हा ही यादी करून शतकं लोटली होती. पण त्या पळवाटेतून आपण आख्खी गाडी नेली. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेणारा माणूस रात्रभर गालात तंबाखूची गोळी धरून झोपतो आणि त्याच्या व्रताला दोष लागत नाही! कांदा-बटाटा घरात येत नाही, पण जेवणानंतर तबकातून सुपारी फिरते. ही सुपारी, तंबाखू न घालताही, कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००४ साली जाहीर केलं आहे. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. आपली स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, आज रात्री आरशासमोर बघा.

आणि मिसरी! तिला तर आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सासू सुनेला देते, बाळंतिणीला "पोट साफ होतं" म्हणून देतात. पुरुषाची तंबाखू चारचौघांत दिसते, त्याला कुणी टोकतं तरी. बाईची मिसरी न्हाणीघरात असते. तिला टोकणारं कुणी नाही आणि तिचं तोंड तपासणारंही कुणी नाही.

आमचा भाग तंबाखूचा. निपाणीच्या वखारींतून तंबाखूची धूळ खात ज्या बायकांनी जन्म काढला, त्यांच्यावर अनिल अवचटांनी लिहिलं. त्यानंतर १९८१ साली शेतकऱ्यांनी भावासाठी रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसं मेली. शेतकऱ्याचं पोट मला कळतं, मी त्याच घरातली आहे. तंबाखूच्या पैशांवर माझं शिक्षण झालं, हे मी लपवत नाही. पण श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत विषवाणिज्य सांगितलं आहे, हेही मी लपवणार नाही. पंधरांतला कोणता धंदा बसतो आणि कोणता बसत नाही यावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होतात, आणि या एका धंद्यापाशी येऊन सगळे गप्प बसतात. धंदा एका दिवसात सुटणार नाही. पण त्याच्या बळींची वेळेवर तपासणी करणं हे निदान प्रायश्चित्त तरी आहे.

आता आत्तीकडे परत येते, कारण उशीर चैत्रात संपला नाही.

तपासणीसाठी तुकडा काढायचा म्हटल्यावर घरात गोंधळ. "सुई लावली की पसरतो," असं कुणीतरी सांगितलं. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही, तुकड्याशिवाय उपचारच ठरत नाही, हे समजावण्यात तीन आठवडे गेले. मग ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, मानेतल्या गाठीही काढायच्या. एक जाऊबाई म्हणाल्या, "मान कशाला फाडता, बाईमाणूस हाय, दिसंल कसं?" साठीतल्या बाईच्या मानेवरच्या व्रणाची काळजी तिच्या जिवापेक्षा मोठी! या बाबतीत तर आपल्याच देशातलं काम जगाने मानलं आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अगदी सुरुवातीच्या रोग्यांवर, ज्यांच्या मानेत हाताला गाठ लागतही नव्हती अशांवर, अभ्यास झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुख्य ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठी काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी शंभरात ८० जिवंत होते. "पुढे गाठ आली तर बघू" म्हणून थांबले त्यांच्यात ६७.५. नुसतं थांबण्याची किंमत शंभरामागे बारा जीव. हे सुरुवातीच्या रोग्यांत. आत्तीच्या मानेत तर गाठ डोळ्याला दिसत होती.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. किरणोपचार सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवे होते. सोबत कोण जाणार यावर घोळ होऊन नवव्या आठवड्यात सुरू झाले. निम्मे झाले असतील, तोवर आषाढ आला आणि गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला. आत्ती हट्टाने घरी आली. चौका लावला, आहारदान केलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. पण दहा दिवस गेले. किरणोपचारात पडलेला प्रत्येक दिवसाचा खंड रोग आटोक्यात येण्याची शक्यता शंभरात एकाहून जास्तने कमी करतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि महाराजांनाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं असतं तर त्यांनीच तिला परत धाडलं असतं, अशी माझी श्रद्धा आहे.

नाकात नळी होती. नळीतून दर दोन-तीन तासांनी द्यायचं, रात्रीसुद्धा. घरात ठरलं, दिवे लागल्यावर नळीतून काही जाणार नाही. तिचंही व्रत होतं, मी त्याची टवाळी करत नाही. पण सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवढं बसेल तेवढं नीट बसवायचं तर कुणीतरी घड्याळ लावून बसायला हवं होतं. दूध, डाळीचं घट्ट पाणी, शेंगदाण्याचं दूध, पनीर मिक्सरमधून काढून, तूप, केळं. अंड्याशिवाय आणि कंदमुळाशिवाय हे सगळं होतं. बसलं कोण? सुना शेतात आणि स्वयंपाकात, मुलं धंद्यात, काकांना मिक्सर कोणत्या फडताळात असतो हेसुद्धा माहीत नाही. दोन महिन्यांत तिचं वजन अकरा किलो उतरलं. व्रतात दोष लागला तर त्याला प्रायश्चित्त आहे. आहार तुटून आयुष्य तुटलं तर त्याला काय आहे?

इथे मला बायकांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. अमेरिकेत सात लाखांहून जास्त कॅन्सर रोग्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. लग्न झालेले रोगी लग्न न झालेल्यांपेक्षा जास्त जगतात असं त्यात दिसलं, आणि डोकं-मान-तोंडाच्या कॅन्सरमध्ये हा फायदा फार मोठा होता. लवकर निदान, पुरा उपचार, हे त्याचं एक कारण. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जोडीदार असण्याचा फायदा पुरुषांना जास्त होतो, बायकांना कमी.

मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. तुम्हाला वाटलं का? नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर झालेली घरं आपण पाहिली आहेत. बायको दुसऱ्या दिवशी दागिने मोडते, दवाखान्याच्या गावात खोली घेते, सहा आठवडे स्टोव्हवर पेज शिजवते, तंबाखूची पुडी खिशातून काढून फेकते, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवते. डॉक्टरांच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी, वेळेवर उपचार, खंड न पडणं, वजन टिकणं, व्यसन सुटणं, ती एकटी सांभाळते. आता तीच आजारी पडली की हे सगळं कोण करतं? ती स्वतःच. "माझ्यामागं कुणाला तरास नगो," हे वाक्य आत्ती शेवटपर्यंत म्हणत होती, आणि आम्ही त्याला तिचा चांगुलपणा म्हणत होतो. तो चांगुलपणा नव्हता, ती आम्हा सगळ्यांची सोय होती.

मार्गशीर्षात रोग उलटला. आणि तेव्हा घरात एक शब्द हळूच आला, सल्लेखना. कुणी वाईट बुद्धीने आणला नाही. समाधिमरणाबद्दल माझ्या मनात आदर आहे. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला गुन्हा ठरवलं तेव्हा मीही मोर्चात चालले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा मलाही समाधान वाटलं. पण आचार्य समंतभद्रांनी सल्लेखनेची जी वेळ सांगितली आहे, तीत रोगाला एक विशेषण आहे, निष्प्रतीकार. ज्याला प्रतिकार नाही, उपाय उरला नाही, असा रोग.

आत्तीचा रोग मार्गशीर्षात निष्प्रतीकार होता, हे मी मान्य करते. भाद्रपदात तो तसा नव्हता. त्याला तसं आम्ही केलं. सात महिने लग्नाच्या याद्यांनी केलं, तीन आठवडे सुईच्या भीतीने, तीन आठवडे सोबतीच्या घोळाने, दहा दिवस चौक्याने आणि दोन महिने रिकाम्या नळीने केलं. आधी आपण उपाय मारायचे आणि मग शांतपणे म्हणायचं, आता उपाय नाही, धर्म धरा! ती स्थिर चित्ताने गेली, णमोकार ऐकत गेली. सगळे म्हणाले, धन्य झाली. झाली असेल. पण तिच्या धन्यतेच्या आड आम्हाला लपता येणार नाही.

कुणी म्हणेल, सगळं वेळेवर केलं असतं तरी गेली असती तर? गेली असती कदाचित. वेळेवर आलेलेही काही जण जातात, उशिरा आलेलेही काही वाचतात. शंभरात किती, एवढंच सांगता येतं. ती त्या शंभरांत कुठे होती, हे कुणालाच ठाऊक नाही. पण ज्या घरात एकेक रुपयाचा भाव बघून माल विकला जातो, त्या घराने आपल्या बाईच्या बाबतीत शंभरातले तीस-चाळीस सहज सोडून द्यावेत? आणि खर्चाचं म्हणाल तर कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे, महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कागद गोळा करणारं माणूस हवं. पंचकल्याणकाची पत्रिका छापून चाळीस गावांना वाटणारी आपली मुलं हे कागद दोन दिवसांत गोळा करतील, त्यांना कुणी सांगितलं तर.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते महिला मंडळाकडे आहे. केरळात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. आरोग्यसेविका घरोघर गेल्या आणि डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. मशीन नाही, सुई नाही, नुसते शिकवलेले डोळे. दशलक्षण पर्वात दहा दिवस आपण रोज मंदिरात जमतो. त्यातली एक दुपार द्या. जवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा. पांढरा चट्टा, लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, सैल झालेला दात, बोटं न जाणारं तोंड, मानेतली न दुखणारी गाठ, हे सगळं बघायला त्या तासाभरात शिकवतील. मिसरीच्या डब्या त्या दिवशी मंदिराच्या दारात ठेवून आत या, आणि जाताना परत नेऊ नका. ज्या बाईच्या तोंडात काही सापडेल तिला "पर्व संपल्यावर बघू" म्हणू नका. दुसऱ्या दिवशी गाडीत घाला. तिच्याबरोबर कोण जाणार, तिचं जेवण कोण बघणार, किरणोपचार संपेपर्यंत तिच्या घरची चूल कोण सांभाळणार, हे मंडळाने कागदावर लिहावं, जसं आपण आहारदानाच्या पाळ्या लिहितो तसं. आणि त्या पाळ्यांत पुरुषांचीही नावं घाला. मिक्सर कोणत्या फडताळात आहे ते आधी त्यांना दाखवा.

पर्व संपलं की आपण क्षमावाणीला एकमेकींना भेटून क्षमा मागतो. आत्ती गेल्यावरच्या पहिल्या क्षमावाणीला मी सगळ्या घरांत गेले, तिच्या घरी गेले नाही. तिथे कुणाची क्षमा मागू? मला त्या भाद्रपदात तिने ती जखम दाखवली होती. "बघ गं काय झालंय," म्हणत उजेडात तोंड उघडलं होतं. मी बघितलं, आणि म्हटलं, "आत्ती, थोडं तूप लाव."